अठरा प्लस? विचारतंय कोण!

शनिवारची दुपार, बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. वायरी, चार्जर आणि एलईडीच्या माळांमधून वाट काढत मी आणि माझा सहावीतला भाचा एका चिंचोळ्या दुकानात शिरलो. साहेबांना ‘जीटीए फाइव्ह’ हवा होता. बॉक्सवर लाल चौकोनात ठसठशीत १८. दुकानदाराने विचारलं एवढंच, ‘‘पिशवी देऊ?’’

‘‘काका, अकरा वर्षांचा आहे हो तो!’’

‘‘ताई, तो आकडा तिकडच्या लोकांसाठी असतो.’’

राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. हा शिक्का युरोपच्या ‘पेगी’चा. ब्रिटनमध्ये २०१२पासून त्याला कायद्याचं बळ आहे, म्हणजे लहान मुलाला असा गेम विकला तर दुकानदार गोत्यात. आपल्याकडे थिएटरच्या दारात ‘ए’ सर्टिफिकेट आडवं येतं, गेमला तसलं काहीच नाही. गंमत म्हणजे, १९५६चा एक कायदा आहे. हिंसाचाराच्या गोष्टींनी मुलं बिघडतील अशी पुस्तकं-मासिकं विकली तर सहा महिन्यांपर्यंत कैद! आणि त्यात ‘मुलं’ म्हणजे वीस वर्षांखालची. पण कायद्यात छापील कागद आहे, डिस्क नाही. १९५६मध्ये कुणाला सुचणार?

जानेवारी २०१९मध्ये अकराच वर्षांच्या एका मुलाने आईमार्फत मुंबई हायकोर्टात पबजीवर बंदी मागितली होती. बंदी आली सप्टेंबर २०२०मध्ये, पण कारण वेगळं : देशाची सुरक्षा आणि डेटा. मुलांचा विषय बाजूलाच. २०२५चा ऑनलाइन गेमिंग कायदाही तुटून पडला तो पैसे लावून खेळायच्या गेम्सवर.

अमेरिकेत तर उलटंच झालं. मुलांना हिंसक गेम विकायला मनाई करणारा कॅलिफोर्नियाचा कायदा तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०११मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. गेम हीसुद्धा अभिव्यक्तीच, म्हणे. मला ते पटतं, पण शेजारी भाचा उभा असताना जरा कमी पटतं. (मी तरी कुठली धुतल्या तांदळाची? शाळेत असताना चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर ‘व्हाइस सिटी’त मनसोक्त गाड्या पळवल्यात.)

शेवटी क्रिकेटचा गेम घेतला. तोंड फुगवून का होईना, तयार झाला. रात्री बघते तर पठ्ठ्या माझ्याच फोनवर धडाधड गोळ्या झाडतोय.

‘‘अरे, वय नाही विचारलं?’’

‘‘विचारलं ना मावशी. तुझं टाकलं.’’