पृथ्वी हातातून का सुटत नाही

पंचमहाभूतं पाच आहेत, हे खेळ रचणाऱ्याच्या चांगलंच पथ्यावर पडतं. ग्रीकांसारखी चारच असती तर पंचाईत होती. चारांतल्या प्रत्येकाला प्रतिस्पर्धी तीन, आणि तीन लढतींत जिंकलेल्या आणि हरलेल्या सारख्या येणं शक्यच नाही. कुठेतरी बरोबरी घुसवावी लागते. पाचांत प्रत्येकासमोर चौघं: दोघांवर मात करायची, दोघांकडून मार खायचा. एकूण जोड्या दहा, हिशेब चोख.

घाटकोपर पूर्वेला, पंतनगरातल्या एका घरी रविवारी दुपारी या दहा जोड्यांवरून वाद चालतो. खेळ दोन मांत्रिकांच्या द्वंद्वाचा, अजून छापलेला नाही. जुन्या पत्त्यांवर पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवून वर प्लास्टिकच्या स्लीव्ह चढवल्या आहेत. रचणारा आठवडाभर नोकरी करतो आणि रविवारी आम्हाला खेळताना बघतो. आम्ही म्हणजे प्लेटेस्टर: बोरिवलीहून लोकलने अंधेरीला आणि तिथून मेट्रोने येणारी एक मुलगी, शेजारच्या बिल्डिंगमधले रमीत मुरलेले काका, मी, आणि ज्या दिवशी जो सापडेल तो.

नियम थोडे आहेत. दर फेरीला प्रत्येकाला तीन ‘प्राण’ मिळतात, ते साठवता येतात. दोघांनी एकेक मंत्र पालथा ठेवायचा, एकदम उघडायचा. हरलेला मंत्र बाद, त्यावर खर्चलेले प्राणही गेले. जिंकलेला मंत्र जेवढ्याचा, तेवढी समोरच्याला इजा.

कोण कोणाला हरवतं, यात काही जोड्या विनातक्रार बसल्या. आप तेजाला विझवतं. वायू आपाला सुकवतो. पृथ्वी वाऱ्याला अडवते, आगीवर माती पडली की आगही संपते. आप पृथ्वीला हरवतं, हे तर घाटकोपरच्या डोंगरउतारावर पावसाळा काढलेल्या माणसाला समजावून द्यावं लागत नाही. उरलं आकाश. पोकळीने कोणाला हरवायचं? शेवटी आप आणि पृथ्वी या दोन जड भूतांना ते गिळतं, आणि तेज-वायूंपुढे हरतं, असं ठरलं. जोडी राहिली तेज आणि वायूची. वारा दिवा विझवतो, पण वणवा भडकवतो. तात्पुरतं माप तेजाच्या पदरात पडलं.

मंत्रांच्या किमती त्याने थेट दर्शनशास्त्रातून उचलल्या, आणि ही मला त्याची सगळ्यात देखणी कल्पना वाटते. आकाशाला एकच गुण, शब्द. वायूला स्पर्श धरून दोन, तेजाला रूप धरून तीन, आपाला रस धरून चार, पृथ्वीला गंध धरून पाच. जितके गुण तितके प्राण, तितकीच इजा. कागदावर यात खोट काढता येत नाही.

टेबलावर मात्र पृथ्वी येईचना. पाच प्राण साठवायला दोन फेऱ्या थांबायचं आणि समोरून एका प्राणाच्या आकाशाने ते गिळायचे! काका म्हणाले, “एवढा महाग पत्ता मी बाहेर काढतच नाही.” सगळेच काढेनासे झाले. आपाचीही तीच गत. मग मैदानात उरले आकाश, वायू आणि तेज, आणि या तिघांत तेज इतर दोघांनाही हरवतं. प्रत्येक डावात आगच आग. बोरिवलीच्या मुलीने निकाल दिला, “तेज ओपी आहे, नर्फ कर.”

ओपी म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान, नर्फ म्हणजे ती ताकद छाटणं. कोणीही तेच म्हणालं असतं. त्याने तेजाला हातसुद्धा लावला नाही. त्याचं म्हणणं, तेज जोरदार नाहीच. तेजाला मारणारे दोघं घरात बसलेत.

हे पटवायला त्याने दगड-कागद-कात्री काढली. समजा, दगडाने कात्रीला हरवलं तर दोन गुण, बाकी विजयांना एकच. आता दगड जास्त वेळा टाकावा, असं वाटतं ना? गणित उलटं निघतं. दोन्ही बाजू शहाण्या असतील तर कागद निम्म्या वेळा येतो, दगड आणि कात्री पाव-पाव. दगडाला बळ दिलं आणि लोकप्रिय झाला कागद. मी घरी येऊन आकडे मांडून पाहिले, बरोबर आहे. पत्त्यावरचा आकडा वाढवला की खेळणाऱ्याची भीती सरकते, आणि ती कुठे जाऊन बसेल ते पत्त्याकडे बघून कळत नाही.

कागदावरची समानता फसवी असते याचं मोठं उदाहरण ‘मॅजिक: द गॅदरिंग’चं. रिचर्ड गारफिल्ड गणितज्ञ. त्याचा हा खेळ 1993 मध्ये आला. रंग पाच, आणि प्रत्येक रंगाला एकाच्या मोबदल्यात तीन देणारा एकेक पत्ता: कुणाला तीन इजा, कुणाला तीन आयुष्य, कुणाला तीन नवे पत्ते. तीन म्हणजे तीनच, पण तीन पत्ते उचलून देणारा ‘अँसेस्ट्रल रिकॉल’ एवढा भारी ठरला की स्पर्धांमध्ये त्यावर बंधन आलं, आणि तीन आयुष्य देणाऱ्या ‘हीलिंग साल्व्ह’कडे फारसं कोणी ढुंकून पाहिलं नाही.

टीव्हीवरच्या मांत्रिकांना ही कटकट नव्हती. गोरेगावच्या फिल्मसिटीत चित्रित झालेल्या बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त बाण हवेत भिडायचे, पण कोणता विझणार हे पटकथेत आधीच ठरलेलं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात मात्र कोणीतरी डोकं चालवलेलं दिसतं. गोल पानं 120, रंग दहा. त्यांतल्या निम्म्या रंगांत आकड्यांची उतरंड उलटी, म्हणजे तिथे एक्का दश्शाहून मोठा. वर दिवसा खेळताना रामाचा रंग आधी, रात्री कृष्णाचा. पहिल्या उतारीचा मान कायमचा एकाच्या पदरात पडू द्यायचा नाही, याचा इतका साधा उपाय मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आमच्या टेबलावरचा उपायही छोटाच निघाला. पृथ्वी हरली तर प्राण जातील, पण पत्ता हातात परत येईल. एवढ्याने काकांचा हात सैल झाला. पृथ्वी बाहेर पडू लागली, तिच्या धाकाने तेज दबलं, आणि पृथ्वीला मारणारं म्हणून आपही निघालं. नर्फची मागणी आपोआप विरली.

आकडेही तो लिहून ठेवतो, पण त्यांच्यावर लगेच विश्वास टाकत नाही. वीस डावांत एक बाजू बारा जिंकली की आम्ही ओरडतो. तो सांगतो, नाणं उडवलं तरी वीसांत बारा किंवा जास्त छापे साधारण चारांतून एकदा पडतात. त्यापेक्षा तो बघतो की कुणाचं बोट कोणत्या पत्त्यावर जाऊन मागे आलं. वहीत त्याचा वेगळा रकाना आहे.

मग त्याने तेज-वायूचा जुना वाद उघडला. नवा नियम: या फेरीत पेटलेलं तेज वाऱ्याने विझेल, एक फेरी टिकलेलं तेज वाऱ्याने दुप्पट होईल. टेबलावर सगळ्यांना पटलं, कारण अंगणातली आग अशीच वागते. ताज्या तेजावर जिंकल्याने वायूचे विजय तीन झाले आणि दहा जोड्यांचा चोख हिशेब मोडला, हे त्याने स्वतःच वहीत नोंदवलं. पण काकांना त्याहून मोठं भोक सापडलं. त्यांनी तेज ठेवलं, ते एक फेरी जगवलं आणि पुढच्या फेरीला वायू काढून आमच्यावर नाही, स्वतःच्याच आगीवर सोडला. “नियमात कुठे लिहिलंय, समोरच्याच्याच आगीवर सोडायचा म्हणून?” सहा इजा एका फटक्यात. नियमात खरंच लिहिलं नव्हतं. त्याने खोडरबर उचललं, मग परत ठेवलं आणि काकांना म्हणाला, “तुम्ही अजून दोन डाव असेच खेळा. हिला सांगू नका.”