विश्लेषण : उंबरठा नसलेल्या न्हाणीघरात पाणी अडते कसे?

न्हाणीघराच्या दारातील चार बोटे उंचीचा उंबरठा धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाही. पण काठी टेकत चालणाऱ्या आजीसाठी किंवा चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या तरुणासाठी तोच उंबरठा रोजची परीक्षा ठरतो. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ म्हातारपणाचा नाही. उंबरठा काढल्यावर पाणी घरात शिरू नये यासाठी फरशीखालच्या कोब्याला नेमका ढाळ द्यावा लागतो. तो कसा द्यायचा, याविषयी...

या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न महत्त्वाचा का?

सिकलसेल आजार या वनपट्ट्यात मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यात काही रुग्णांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा खंडित होतो आणि ऐन तरुणपणी पाय उचलणे अवघड होते. दुसरा आजार कुष्ठरोग. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, ते याच रुग्णांसाठी. कुष्ठरोगात तळपायाची संवेदना गेली, की उंबरठ्याच्या कडेला लागलेली ठेच कळतही नाही आणि साध्या खरचटण्याची चिघळलेली जखम होते. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेल आणि कुष्ठरोगमुक्त व्यक्ती या दोहोंचा समावेश आहे.

उंबरठा काढला तर पाणी कोण अडवणार?

ढाळ! उंबरठा पाण्याला अडवतो, तर ढाळ पाण्याला वाट दाखवतो. उंबरठा असेल तर फरशीचा ढाळ थोडा चुकला तरी चालून जाते. तो नसेल तर चुकीला जागा उरत नाही. म्हणून नुसता उंबरठा फोडून काम भागत नाही; खालचा कोबा नव्याने टाकावा लागतो.

ढाळ किती हवा?

अंघोळीच्या जागेत साधारण ५० ला १, म्हणजे ५० सेंटिमीटर अंतरात १ सेंटिमीटर उतार. यापेक्षा फारच कमी असेल तर पाणी साचते, शेवाळ धरते आणि पाय घसरतो. जास्त दिला तर अंघोळीची खुर्ची कलते, चाकाची खुर्ची आपोआप सरकते. चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पला १२ ला १ चढ चालतो. तो हिशेब न्हाणीत लावू नये.

समजा, अंघोळीची जागा चार बाय चार फूट, म्हणजे सुमारे १.२ मीटर आहे आणि पाणी जाण्याची वाट दारासमोरच्या भिंतीलगत आहे. तेव्हा एकूण उतार २४ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम एक इंच. जाळीजवळ कोब्याची जाडी किमान २५ मिलिमीटर ठेवली, तर दुसऱ्या टोकाला ती सुमारे ५० होते. त्यावर फरशी आणि तिचा मसाला यांचे २० मिलिमीटर. म्हणजे खालचे काँक्रीट घराच्या तयार फरशीपेक्षा सुमारे ७० मिलिमीटर, पावणेतीन इंच, खोल हवे. ही गोष्ट गवंड्याला जोत्याचे काम सुरू असतानाच सांगावी लागते.

उतार एका बाजूला की चारही बाजूंनी?

मधोमध नहाणी ट्रॅप बसवला तर चारही बाजूंनी उतार द्यावा लागतो. मोठ्या फरश्या त्यावर नीट बसत नाहीत. त्या तिरप्या कापाव्या लागतात किंवा लहान तुकडे वापरावे लागतात. त्याऐवजी भिंतीलगत लांब जाळीची पन्हळ ठेवली तर उतार एकाच दिशेने राहतो. गवंड्याला काम सोपे, खुर्चीची चारही चाके एकाच प्रतलात आणि चूक झालीच तर लगेच दिसते.

कोबा कसा टाकतात?

आधी पाणसळीच्या नळीने सर्व भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारतात. त्या रेघेपासून खाली मोजून दाराजवळची आणि जाळीजवळची उंची ठरते. पन्हळ आणि पाइप पक्के झाल्यावर खालचे काँक्रीट टाचून खडबडीत करतात, धुतात, भिजवतात आणि त्यावर सिमेंटचा घोळ फिरवतात. तो ओला असतानाच मसाला टाकायचा.

मसाला एक भाग सिमेंट आणि तीन ते चार भाग स्वच्छ, जाडसर वाळू असा. पाणी बेताचे, मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये. पातळ मसाला उतारावर सरकतो, नंतर तडकतो.

उतार तपासण्याची एक सोपी युक्ती आहे. १.२ मीटरच्या ॲल्युमिनियम पट्टीच्या एका टोकाखाली २४ मिलिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा बांधावा. ठोकळ्याचे टोक जाळीकडे ठेवून पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवायची. बुडबुडा मध्यभागी आला, की उतार बरोबर.

चंद्रपूरच्या उन्हात काय जपायचे?

मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांपुढे जातो. दुपारी टाकलेला कोबा वरून वाळतो, पण आतून कच्चा राहतो. त्यामुळे काम सकाळी लवकर उरकावे आणि ओली गोणपाटे अंथरावीत. भारतीय मानक ४५६ काँक्रीटसाठी साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, तर उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस पाणी मारण्यास सांगते. राखमिश्रित सिमेंटसाठी ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. कोब्यालाही तोच नियम लावलेला बरा. बाजारात आज बहुतेक पोती राखमिश्रित सिमेंटचीच असतात. पोत्यावर ‘पीपीसी’ लिहिलेले असते.

फरशी बसवण्याआधी काय तपासावे?

कोबा वाळल्यावर त्यावर आणि भिंतीवर वीतभर उंचीपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यावेत. मग जाळी बंद करून, दाराशी तात्पुरता मातीचा बांध घालून पाणी २४ तास साठवावे. पातळी उतरली किंवा शेजारच्या भिंतीला ओल आली, तर दुरुस्ती तेव्हाच करावी. फरशी खरखरीत पृष्ठभागाचीच निवडावी.

जुन्या घरात हे शक्य आहे का?

तळमजल्यावर जुनी फरशी आणि कोबा काढून पातळी खाली नेता येते. वरच्या मजल्यावर मात्र स्लॅब फोडणे धोक्याचे. तेथे अभियंत्याला विचारल्याशिवाय हात लावू नये. नव्या घरकुलात हा खर्च जवळपास नाहीच, कारण तेवढेच सिमेंट, तेवढीच वाळू लागते. फक्त पावणेतीन इंचांचा निर्णय वेळेत घ्यावा लागतो. तो चुकला, तर पुढे घरातल्या कुणाचा तरी पाय रोज उंबरठ्याशी अडतो.