सहा फुटांची उडी

प्राध्यापक शिकवतात, शेण मात्र मामा निवडतात. पुण्यातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर आहेत. "पेंडीवरच्या जनावराचं मी आणत नाही," ते म्हणाले. "रानात चरणारी म्हैस, नाहीतर घोड्याची लीद. बुरशी गवतातून पोटात जायला हवी ना!"

शेणावरच्या बुरशीत जंतुनाशक सापडलंय, एवढ्या कुतूहलानं मी गेले होते. पण गुंतवलं पायलोबोलस नावाच्या बुरशीनं.

ओला टीपकागद, त्यावर शेण, वर काचेची हंडी, आणि सगळं खिडकीशी. सुरुवातीचा उग्र दर्प दोनतीन दिवसांत ओसरतो, कुजलेल्या पाल्यासारखा वास येऊ लागतो. मग केसाएवढे पारदर्शक देठ उभे राहतात. टोकाला पाण्यानं टरारलेला फुगा, त्यावर बीजाणूंची काळी टोपी. फुगाच भिंगाचं काम करतो, देठ उजेडाकडे वळतो. दाब असह्य झाला की फुगा फुटून टोपी उडते. "सहा फूट," मामा म्हणाले. मामांनी एका हंडीला काळा कागद गुंडाळून एकच भोक ठेवलं होतं. काळे ठिपके नेमके त्या भोकाभोवती!

ही उडी हौसेची नाही. गुरं आपल्या शेणालगतचं गवत टाळतात. त्या टापूपलीकडे पडले तरच बीजाणू पुन्हा पोटात जाणार. म्हणून सहा फूट. फुप्फुसातल्या जंताच्या अळ्याही याच टोपीवर चढून फुकट प्रवास करतात, आणि वासरं खोकू लागतात.

पायलोबोलसनंतर इतर बुरश्या येतात, शेवटी इवल्या छत्र्या. अन्न तेवढंच, खाणारे अनेक. त्यामुळे अनेकींजवळ काहीतरी विष असतं. अशाच एका छत्रीतून, कोप्रिनॉप्सिसमधून, झुरिकच्या संशोधकांनी २०१४ साली 'कॉप्सिन' हे प्रथिन वेगळं केलं. ते जिवाणूंची भिंत बांधू देत नाही. औषधाच्या दुकानात ते अजून आलेलं नाही. पण तेवढ्यावर जखमेला शेण लावायचे सल्ले देणारे आहेतच! त्याच शेणात धनुर्वाताचे जंतूही असू शकतात, हे ते सांगत नाहीत.

मला जास्त भरवसा वाटतो तो डडिंग्टोनियाचा. या बुरशीचे बीजाणू खाद्यातून जनावराला देतात. पोटातून ते जिवंत बाहेर पडतात आणि शेणात चिकट जाळी विणून जंतांच्या अळ्या पकडतात. ऑस्ट्रेलियात ते विकतही मिळतात. जंतांच्या औषधांना जंत दाद देईनासे झालेत, तिथे याची गरज आहे.

मामांना हे सांगितलं. "पण पोटातले जंत?" त्यांनी विचारलं. त्यांच्यावर ती काही करत नाही. तिचं काम शेण पडल्यावर सुरू होतं.