खुंटीवरचा पाय

ओझर, नारायणगाव, जुन्नरकडच्या वस्त्यांत फिरताना एक दृश्य आम्हाला पुन्हा पुन्हा दिसते. कृत्रिम पाय दाराआड खुंटीला टांगलेला आणि माणूस खाटेवर बसलेला. पाय मोफत मिळाला, पण घातला की टोचतो. घरचे म्हणतात, "पायच खराब दिला." पुष्कळदा दोष त्या पायात नसतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत काय करायचे, हे कुणी समजावूनच सांगितलेले नसते.

पाय कापल्यावर जो भाग उरतो त्याला दवाखान्यात स्टंप म्हणतात. गुडघ्याखाली कापलेल्या पायाचा मोठा शत्रू म्हणजे उशी. मायेपोटी आई किंवा बायको गुडघ्याखाली उशी ठेवते. दुखणे कमी वाटते, पण महिनाभरात गुडघा वाकलेल्या स्थितीतच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्याला कृत्रिम पाय नीट बसत नाही. म्हणून उशी काढा, गुडघा सरळ ठेवा. खाटेवरून किंवा खुर्चीवरून स्टंप तासन्‌तास लोंबकळू देऊ नका. डॉक्टरांनी परवानगी दिली की दिवसातून दोन-तीन वेळा पंधरा-वीस मिनिटे पालथे झोपा, म्हणजे मांडीचा सांधाही आखडत नाही.

दुसरे काम पट्टीचे. ताणाची क्रेप पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी बांधायची, टोकाकडे घट्ट आणि वर सैल. गोल गोल आवळली तर रक्त अडते. दर चार-सहा तासांनी सोडून पुन्हा बांधायची. सूज उतरून स्टंपला आकार आला की मगच माप घेता येते. दवाखान्यातून निघण्याआधी नर्ससमोर घरातल्या एकाने ही पट्टी स्वतः बांधून दाखवावी. आम्ही वॉर्डात काम केले आहे. विचारणाऱ्याला कुणी नाही म्हणत नाही, पण न विचारणाऱ्याला सांगायला गर्दीत वेळ उरत नाही.

रात्री नसलेल्या पायाची बोटे दुखतात, तळव्याला आग होते. हे खरे दुखणे आहे. पाय गेला तरी त्याच्या नसा आणि मेंदूतली त्याची जागा शिल्लक असते, तिथून ही कळ उठते. 'बाहेरचे आहे' म्हणून देवऋषाकडे नेण्यात पैसा आणि महिने जातात. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधे आहेत. आरशासमोर चांगला पाय हलवण्याच्या व्यायामानेही काहींना उतार पडतो. आणि रात्री लघवीला उठताना पाय नाही हे विसरून माणूस पडतो, म्हणून कुबडी हाताशी आणि दिवा लावलेला असू द्या.

आता पायाबद्दल. १९६८ च्या सुमारास जयपूरला कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो पाय घडवला, तो आपल्या लोकांच्या जगण्याला धरून आहे. तो अनवाणी चालतो, चिखलात चालतो, विहारात चप्पल काढून जाता येते. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. शिबिरात पाय मिळाला तरी दुरुस्तीला कुठे जायचे, हे त्याच दिवशी विचारून घ्या. पहिल्या वर्षात स्टंप बारीक होत जातो आणि पाय सैल पडतो. आधी जादा मोजे चालतात, पुढे सॉकेट बदलावेच लागते.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटेच घाला, दोन्ही बाजूंना धरायला आधार हवा. आधी जागेवर उभे राहून वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचे, मग पावले. पाय काढून कातडी पाहा. दहा-पंधरा मिनिटांत लाली गेली नाही, तर त्या जागी दाब पडतो आहे. फोड येईपर्यंत थांबू नका. स्टंप रात्री साबणाने धुऊन कोरडा करा.

मधुमेह असेल तर चांगल्या पायाचा तळवा रोज आरशात पाहायचा. बाबासाहेबांनाही मधुमेह होता आणि अखेरच्या वर्षांत पायांच्या दुखण्यामुळे त्यांना काठी घ्यावी लागली. आपल्या घराघरांत हा आजार आहे, पण पायाची बारीकशी जखम दाखवायला कुणी जात नाही.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यानुसार चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून मिळते. एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना यांचे दार त्यानेच उघडते. ते काम पाय मिळेपर्यंत लांबवू नका.

विहारात वर्षावासाच्या ग्रंथवाचनाला मांडी घालता येत नाही म्हणून माणसे यायची बंद होतात. एक खुर्ची ठेवा, मागे नको, सगळ्यांबरोबर. लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यांना जायचे असेल तर पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. घरच्या दोन पायऱ्यांवर आधी सराव करा. कठडा धरून चढताना चांगला पाय पुढे, उतरताना कृत्रिम पाय पुढे.