शेतवाटा आणि कच्च्या भाज्यांचा आहार : एक विवेचन

प्रस्तावना :
ग्राहकाने हंगामापूर्वीच शेतकऱ्यास रक्कम द्यावी आणि पुढे दर आठवड्याला शेतात जे पिकेल त्यातील आपला वाटा घ्यावा, ही व्यवस्था अमेरिकेत ‘कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर’ या नावाने ओळखली जाते. अशा वाट्यातील भाज्या प्रामुख्याने कच्च्याच खाण्याकडे काही ग्राहकांचा कल असतो. हा कल आहारशास्त्राच्या कसोटीवर कितपत टिकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

शेतवाट्याचे स्वरूप :
जपानमध्ये १९७० च्या दशकात उत्पादक व ग्राहक यांच्या थेट भागीदारीची ‘तेइकेई’ ही पद्धती रूढ झाली. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील इंडियन लाइन फार्म आणि न्यू हॅम्पशायरमधील टेंपल-विल्टन कम्युनिटी फार्म येथे या व्यवस्थेचा आरंभ झाला. पीक बुडाल्यास ग्राहकाचा वाटाही घटतो. म्हणजेच जोखीम एकट्या शेतकऱ्यावर राहत नाही. मात्र काय खावे, हे ग्राहकाच्या आवडीपेक्षा हंगाम ठरवितो.

कच्च्या आहाराचे लाभ :
‘क’ जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे व उष्णतेने नष्ट होणारे आहे. पालेभाज्यांमधील त्याचे प्रमाण साठवणुकीतही घटत जाते. त्यामुळे तोडणी आणि ताट यांतील अंतर कमी करणारा शेतवाटा या दृष्टीने निश्चितच हितकारक ठरतो.

मर्यादा :
तथापि सर्वच पोषकद्रव्यांना हा नियम लागू होत नाही. टोमॅटो शिजविल्याने ‘क’ जीवनसत्त्व घटते, परंतु लायकोपिन शरीरास अधिक सुलभतेने मिळते. गाजरातील बीटा-कॅरोटिनचे शोषणही शिजविल्याने आणि सोबत स्निग्ध पदार्थ असल्याने वाढते. जर्मनीतील गीसेन येथील संशोधकांनी दीर्घकाळ कच्चा आहार घेणाऱ्यांचा अभ्यास केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ४५ वर्षांखालील सुमारे ३० टक्के स्त्रियांची मासिक पाळी अंशतः वा पूर्णतः थांबली होती. २०१ व्यक्तींवरील २००५ च्या अभ्यासात अपायकारक कोलेस्टेरॉल कमी आढळले. परंतु हितकारक कोलेस्टेरॉलही कमी होते आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता दिसून आली.

स्वच्छतेचा प्रश्नही गंभीर आहे. २०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या कच्च्या धान्यातून ई. कोलायचा संसर्ग पसरून ५० हून अधिक व्यक्ती दगावल्या. त्याचा माग एका सेंद्रिय शेतापर्यंत आणि तेथील मेथीच्या बियाण्यापर्यंत पोहोचला. शेत जवळचे व परिचित आहे, एवढ्याने अन्न निर्धोक ठरत नाही.

याशिवाय न्यू इंग्लंडसारख्या थंड प्रदेशात हिवाळ्याच्या वाट्यात बटाटे, कोबी, गाजर, बीट असे साठवणीचे जिन्नस येतात. बटाटा कच्चा पचण्यास जड असतो. अशा वेळी कच्च्याचाच आग्रह धरणाऱ्यास दूरवरून आलेल्या भाज्या विकत घ्याव्या लागतात आणि स्थानिकतेचा मूळ हेतूच बाधित होतो.

निष्कर्ष :
कच्चे की शिजविलेले, हा निर्णय तत्त्वाचा नसून भाजीचा आहे. महाराष्ट्रीय ताटात कोशिंबीर कच्ची, तर तिच्याशेजारी भाजी व आमटी शिजविलेली असते; गाजराच्या कोशिंबिरीवरील फोडणी आणि त्यातील दाण्याचे कूट स्निग्धांशाची गरजही भागवितात. शेतवाट्याने ताजेपणा द्यावा आणि स्वयंपाकघराने प्रत्येक भाजीस योग्य तो संस्कार द्यावा, यातच आरोग्य व शेतकरी या दोहोंचे हित सामावले आहे.