जन्मवेळच्या वजनाची नोंद आणि उद्याचे आरोग्य

मधुमेह आणि हृदयविकार हे सुखवस्तूंचे विकार होत, अशी समजूत आपल्याकडे दीर्घकाळ रूढ होती. बैठे काम, सढळ आहार आणि वाढता मेद ही त्यांची कारणे सांगितली जात. ती खरीच आहेत. पण अंगमेहनत करणाऱ्या, सडपातळ बांध्याच्या ग्रामीण माणसालाही ऐन चाळिशीत मधुमेह का जडतो, याचा उलगडा त्यांतून होत नाही. या उलगड्याची एक वाट संशोधकांना आरोग्यसेविकांच्या जुन्या नोंदवह्यांत सापडली.

त्या नोंदवह्या इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यातील होत. बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीस आलेले अनेक तरुण शरीराने अपात्र ठरले आणि मुलांच्या आरोग्याबद्दल त्या देशात चिंता निर्माण झाली. याच काळजीतून १९११ पासून त्या परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या प्रमुख आरोग्यसेविकेच्या देखरेखीखाली प्रत्येक नवजात बालकाचे वजन नोंदविले जाऊ लागले. आरोग्यसेविका घरोघर जात. मूल अंगावर पिते की बाटलीवर, त्याला कोणते आजार झाले, हे लिहीत आणि वर्ष भरल्यावर पुन्हा वजन करीत. या आकड्यांचा पुढे काय उपयोग होणार, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते.

साउथॅम्प्टन येथील संशोधक डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८६ साली एक गोष्ट ध्यानात आली होती. इंग्लंड-वेल्सच्या ज्या भागांत १९२१ ते १९२५ या काळात अर्भकमृत्यू अधिक होते, त्याच भागांत अर्धशतकानंतर हृदयविकाराचे मृत्यू अधिक होते. हर्टफर्डशायरच्या नोंदवह्या हाती आल्यावर हा संबंध व्यक्तिशः तपासता आला. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा मागोवा घेऊन १९८९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे राष्ट्रीय प्रमाण १०० धरल्यास, वर्षाचे असताना ज्यांचे वजन सुमारे ८ किलो किंवा त्याहून कमी होते त्यांच्यात ते १११ भरले. १२ किलो किंवा अधिक वजनाच्यांत केवळ ४२.

बार्कर यांची मांडणी थोडक्यात अशी: गर्भाला पोषण अपुरे पडले की शरीर मेंदूची वाढ जपते आणि अन्य अवयवांना हात आखडता घेते. उणे राहिलेले हे अवयव पुढे सुबत्तेचा भार पेलू शकत नाहीत. यावर, गरिबीच दोन्हींचे कारण नसेल कशावरून, असा आक्षेप आला. तो गैरवाजवी नव्हता. जुन्या वहीत आईने काय खाल्ले, किती कष्ट केले, हे नव्हतेच. त्यासाठी गर्भारपणाच्याही आधीपासून नोंद ठेवणारी पाहणी हवी होती.

अशी पाहणी आपल्या राज्यात झाली, ही अभिमानाची गोष्ट होय. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा गावांत हे काम हाती घेतले. कार्यकर्त्या दरमहा घरी जाऊन विवाहित स्त्रियांची विचारपूस करीत. दिवस राहिल्यावर आहार, काम व रक्त यांची तपासणी होई आणि बाळ जन्मल्यापासून ७२ तासांच्या आत त्याची मापे घेतली जात. या मातांचे वजन सरासरी ४२ किलोच्या घरात होते. बाळे सरासरी २.७ किलोची भरली. साउथॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते पुढेच. आपल्या बाळांचे दंड, पोटाचा घेर, स्नायू हे सारे लहान. पण त्वचेखालील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. दिसायला कृश आणि तरीही अंगात मेद राखून असलेले हे बाळ म्हणजेच चाळिशीत मधुमेह जडणाऱ्या सडपातळ माणसाचे मूळ रूप, असे संशोधकांना वाटू लागले.

मातांच्या आहाराबाबतचा निष्कर्ष ग्रामपातळीवर काम करणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावा. बाळाच्या आकारमानाचा संबंध एकूण उष्मांकांशी वा प्रथिनांशी स्पष्टपणे दिसला नाही. पालेभाज्या, फळे आणि दूध यांच्याशी मात्र दिसला. शेतात व घरी अति कष्ट करणाऱ्या मातांची बाळे लहान भरली. सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस व मासे यांतून मिळते. नुसत्या भाकरी-भाजीतून नाही. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. गरोदरपणातील फॉलिक आम्लाच्या गोळ्या टाळाव्यात, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्या आवश्यकच आहेत. तसेच कमी वजन म्हणजे ललाटीचा लेखही नव्हे. पुढील आहार, व्यायाम आणि वाढते वजन यांचा वाटा मोठाच राहतो.

बाळ लहान असले की सुटका सुखरूप होते, या समजुतीने गरोदर सुनेच्या ताटात कमी वाढणाऱ्या सासूबाई आजही भेटतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना हे कोणी सांगितलेले नसते, इतकेच.

आता नोंदवहीकडे वळू. प्रस्तुत लेखकाने काही वर्षांपूर्वी एका गावातील नोंदवही चाळली, तेव्हा सलग दोन पानांवर २.५ आणि ३ याखेरीज दुसरा आकडा नव्हता. असे प्रकार अन्यत्रही होतात, आणि २.५ हा आकडा साधा नाही. २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ कमी वजनाचे गणले जाते. २.४ किलोच्या बाळापुढे २.५ लिहिले की ते त्या यादीतून गळते आणि त्याच्याकडे विशेष लक्ष देण्याचे कारणच कागदावर उरत नाही. गाव चांगले दिसते, बाळ तेवढेच राहते. अंगणवाडीची नोंद आता मोबाइलवर होते. पण काट्यावर न पाहिलेला आकडा मोबाइलही बिनतक्रार स्वीकारतो.

वरिष्ठांनी कमी वजनाच्या बाळांची संख्या पाहून सेविकेला जाब विचारला, तर पुढील महिन्यात ती संख्या कमी होईल. वजने वाढलेली नसतील. ग्राम आरोग्य समितीच्या सभेत गावातील काटा शून्यावर उभा राहतो काय, एवढा प्रश्न सदस्यांनी अवश्य विचारावा. किराणा दुकानातील एक किलोचे प्रमाणित वजन त्या काट्यावर ठेवून पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.