बाणाच्या टोकाशी

कागदावर रासायनिक अभिक्रिया म्हणजे एक बाण. प्रयोगशाळेत त्या बाणाच्या टोकाशी कॉलम, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करणारी सिलिकाची नळी, उभा असतो, आणि सेंद्रिय रसायनात पीएचडी करणाऱ्यांचे कितीतरी दिवस त्याच्यापुढे उभं राहण्यात जातात. शोधनिबंधात मात्र त्याला जेमतेम एक ओळ मिळते.

पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी हे काम जवळून पाहिलं. अभिक्रिया रात्रीत उरकलेली असते. फ्लास्कमध्ये उरतो तपकिरी, चिकट ऐवज: हवं ते संयुग, उरलेला कच्चा माल आणि न बोलावता आलेली उपउत्पादनं. आधी टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. सिलिकाचा थर दिलेल्या बोटभर पट्टीवर केशनळीने ठिपका देऊन ती पेट ईथर आणि इथाइल अ‍ॅसिटेटच्या मिश्रणात उभी करायची. मिश्रण वर चढतं, तसे ठिपके वेगळे होत जातात. 254 नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली हिरवट पट्टीवर ते काळे दिसतात. जे दिसत नाहीत त्यांच्यासाठी आयोडीनची बरणी. ठिपक्यांत पुरेसं अंतर पडेपर्यंत मिश्रणाचं प्रमाण बदलत राहायचं. इथे घाई करणारा पुढचा अख्खा दिवस घालवतो.

मग काचेची नळी. तळाशी कापूस, वर वाळू, त्यावर द्रावकात कालवलेली सिलिका. ओतताना हवा अडकली की भेग पडते आणि वेगळे झालेले पदार्थ पुन्हा मिसळतात, म्हणून नळीवर हलकेच टकटक चालू. सिलिका बसली की वर तो चिकट ऐवज घालून द्रावक सोडायचा. (कोरडी सिलिका मास्कशिवाय ओतणारे महाभागही आहेत. ती धूळ थेट छातीत जाते.)

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीतून पानांतली रंगद्रव्यं अशीच वेगळी केली. त्याला पट्टे डोळ्यांनी दिसत होते. औषधासाठी घडवलेली बहुतेक संयुगं बिनरंगी. म्हणून खाली उतरणारा द्रावक क्रमांक घातलेल्या परीक्षानळ्यांच्या रांगेत थोडाथोडा धरायचा आणि नळ्यांची पुन्हा टीएलसी.

एवढा खटाटोप कशासाठी? पॅलॅडियम वापरून घडवलेल्या संयुगात त्या धातूचा अंश राहिला, तर चाचणीत पेशी त्यानेही मरू शकतात, आणि श्रेय मिळतं संयुगाला.

शुद्ध नळ्या एकत्र करून रोटावर, म्हणजे रोटरी इव्हॅपोरेटरवर, द्रावक उडवला, की नमुना रेणूची रचना तपासणाऱ्या एनएमआरला जातो. आलेखात संयुगाच्या रेषा जागच्या जागी, आणि शेजारी 2.05 आणि 4.12 पीपीएमला न उडालेलं इथाइल अ‍ॅसिटेट ठाण मांडून. विद्यार्थिनी फ्लास्क उचलून पुन्हा व्हॅक्यूम पंपाला लावते.